हीट-बुकात रोज पाचशेच कसे? सांगली-साताऱ्याच्या फाउंड्री मालकांना खुले पत्र

प्रति,
कुपवाड, मिरज, पलूस आणि सातारा औद्योगिक वसाहतींतील सर्व फाउंड्री मालक

विषय : युरोपच्या कार्बन करासाठी मागितला जाणारा आकडा आणि तो आपल्या भट्टीवर कसा धरायचा

स. न. वि. वि.

भट्टीचे नाव पाचशे किलोची, म्हणून हीट-बुकात प्रत्येक हीटपुढे (एका वेळच्या वितळीपुढे) ५०० लिहायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. प्रत्यक्षात कधी ४४० किलो ओतले जाते, कधी ५३०. आजवर त्यात कोणाचे काही अडले नाही. बिल कास्टिंगच्या वजनावर निघते आणि विजेचे पैसे महिन्याकाठी एकदाच जातात, मग मधला आकडा बघतो कोण? आता मात्र त्याच आकड्यावरून टनामागचा कार्बन काढला जाणार आहे. युरोपातला आयातदार त्यावर पैसे भरणार आणि पुढच्या ऑर्डरचा भाव ठरवताना ते तुमच्याकडून वळते करून घेणार.

युरोपियन युनियनची आयात मालावरच्या कार्बन कराची ही व्यवस्था, जिला आता सगळे सीबॅम म्हणतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होती. १ जानेवारी २०२६ पासून ती पैशांची झाली. २०२६ मध्ये तिकडे पोचलेल्या मालाच्या कार्बनची प्रमाणपत्रे आयातदार फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेईल आणि पहिले वार्षिक विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत देईल. म्हणजे २०२६ मध्ये ओतलेल्या मालाचा हिशेब २०२७ मध्ये विचारला जाईल, आणि मागे जाऊन मीटर वाचता येत नाही. तिकडच्या कारखान्यांना जो कार्बन कोटा फुकट मिळत होता तो २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी घटतो, २०३० मध्ये ४८.५ टक्क्यांनी, आणि २०३४ मध्ये संपतो. आपल्या मालावरचा भार त्याच पायऱ्यांनी वर चढतो. पहिल्या वर्षी बोजा किरकोळ वाटेल, आणि घोळ तिथेच होईल.

कुठला माल यात येतो? यादीत जेवढे कोड नसतील तेवढी मते आपल्या वसाहतीत ऐकू येतात. मालाच्या एचएसएनचे (वर्गीकरण कोडचे) पहिले चार आकडे पाहा. ७३०३ म्हणजे बिडाचे पाइप, ७३०७ म्हणजे पाइप फिटिंग, ७३२६ म्हणजे लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू. हे तिन्ही यादीत आहेत. ७३२५, म्हणजे साध्या ओतीव वस्तू, मूळ यादीत नाहीत. पंपाची बॉडी ८४१३ खाली गेली, व्हॉल्व्हची ८४८१ खाली किंवा गाडीचा भाग ८७०८ खाली, तर तोही मूळ यादीबाहेर. पण यावर निर्धास्त राहू नका. एक तर वर्गीकरणाचा शेवटचा शब्द तिकडच्या कस्टमचा असतो, तुमच्या शिपिंग बिलाचा नाही. दुसरे, डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचा मोठा वाटा असलेल्या सुमारे १८० वस्तू यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला आहे. यंत्रांचे भाग फार काळ बाहेर राहतील असे आम्हाला वाटत नाही. एक सवलत ध्यानात ठेवा : एखादा आयातदार वर्षभरात असा माल सगळा मिळून ५० टनांपेक्षा कमी आणत असेल तर त्याला सूट आहे. ही मर्यादा आयातदाराची आहे, तुमची नाही. तुम्ही दहाच टन पाठवलेत पण त्याने इतरांकडून शंभर टन घेतले, तर तुमचे दहाही मोजले जातील.

तुमच्यातले निम्मेअधिक जण म्हणतील, आम्ही कुठे निर्यात करतो? तुमची कास्टिंग पुण्याच्या, कोल्हापूरच्या किंवा साताऱ्याच्या मशीनशॉपला जाते, तिथे तिला भोके पडतात, रंग लागतो आणि ती न्हावाशेवाच्या कंटेनरात बसते. मशीनशॉपवाल्याकडे आलेली एक्सेल शीट फिरत फिरत तुमच्या डिस्पॅच क्लार्कपर्यंत येते आणि तो बिचारा गेल्या महिन्याच्या वीजबिलाला टनेजने भागून काहीतरी भरून देतो. आकडा चुकण्याची सुरुवात तिथून होते.

आता मुद्द्याचे, आणि थोडे उफराटे वाटेल असे. लोखंड-पोलादाच्या सीबॅम हिशेबात आज वीज धरलीच जात नाही. फक्त कारखान्यात जळणारे इंधन आणि विकत घेतलेल्या कच्च्या मालात आधीच भरलेला कार्बन मोजला जातो. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत कोक १२ टक्के लागतो असे धरा. टनाला १२० किलो कोक, त्यातून सुमारे ३७० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि तो सगळा तुमच्या नावावर. विजेवरच्या इंडक्शन भट्टीला टनाला ६०० युनिट लागले, तर आपल्या ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७१ किलो या हिशेबाने ४२५ किलो होतात. क्युपोलापेक्षा जास्त! फक्त धूर कुपवाडला दिसत नाही, तो चंद्रपूर-परळीच्या चिमण्यांतून निघतो. तरीही सीबॅमच्या कागदावर इंडक्शन भट्टीचे वितळणे जवळपास शून्य. याचा आनंद मानू नका. तुमच्या गिऱ्हाइकाला त्याच्या पुरवठा साखळीचा स्कोप ३ चा आकडाही द्यावा लागतो आणि त्यात वीज पुरेपूर धरली जाते. दोन वेगळे कागद, दोन वेगळे आकडे. एकाच्या रकान्यात दुसऱ्याचा आकडा भरला, तर तपासणीत तो पहिल्याच दिवशी पकडला जातो.

इंडक्शनवाल्याचा सीबॅमचा आकडा मुख्यतः ठरतो तो पिगवर, म्हणजे विकतच्या कच्च्या लोखंडावर. भंगाराचा कार्बन या हिशेबात शून्य धरतात (प्रेसशॉपमधून निघणाऱ्या स्वच्छ कतरणीला पुढे आकडा लावायचा, असे तिकडे घाटत आहे, ते वेगळे). पिग आयर्न मात्र ब्लास्ट फर्नेसमधून कोकवर तयार होऊन येते, आणि टनाला २ टनांच्या वरच कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. आपण २.२ धरू. समजा ५०० किलोच्या हीटमध्ये १०० किलो पिग, २०० किलो सीआरसी (पोलादी पत्र्याचे भंगार) आणि २०० किलो रिटर्न. मालक म्हणतात, पिग फक्त २० टक्के आहे. पण रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांत गोठलेले बीड) आणि रिजेक्शन वजा जाता त्या हीटमधून पाठवण्याजोगी कास्टिंग निघते साधारण २८० किलो. बाकीचे रिटर्न होऊन पुन्हा भट्टीत फिरत राहते. म्हणजे १०० किलो पिग २८० किलो मालाच्या वाट्याला. टनाला ३५७ किलो, २० टक्के नव्हे, ३६ टक्के. त्याचे होतात टनामागे ०.७९ टन कार्बन डायऑक्साइड. पिग ४० किलोवर आणले तर ०.३१ टन. फरक जवळजवळ अर्ध्या टनाचा. युरोपच्या बाजारात कार्बनचा भाव टनाला ७० युरो धरला, तर कास्टिंगच्या टनामागे ३३ युरोंची उत्सर्जने एका चार्ज-शीटवर ठरतात. पहिल्या वर्षांत त्यातला किती भाग प्रत्यक्ष भरावा लागेल हे फुकट कोट्याच्या पायरीवर आहे, पण २०३४ ला पायरी उरत नाही.

पिग कमी करा, हे सांगायला सोपे आहे. करताना काय बिघडते तेही सांगतो, नाहीतर पहिल्याच आठवड्यात रिजेक्शन वाढेल आणि तुम्ही आम्हाला शिव्या घालाल. पिग काढून सीआरसी वाढवले की कार्बन वरून द्यावा लागतो. स्वस्त कार्बन रेझरमध्ये नायट्रोजन जास्त असतो. करड्या बिडात तो शंभर पीपीएमच्या आसपास गेला की जाड भागात बारीक चिरांसारखी भोके पडतात आणि ती मशीनिंग होईपर्यंत दिसत नाहीत. रेझिनच्या कोअरमधूनही नायट्रोजन येतो, त्यामुळे दोन्हीची बेरीज होते. म्हणून ग्राफिटाइज्ड, कमी नायट्रोजनचा रेझर घ्या, महाग पडला तरी. तो टाकायचा चार्जच्या मध्ये, निम्मा चार्ज वितळत असताना. शेवटी स्लॅगवर भुरभुरला तर निम्मा वर जळून जातो, स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) कार्बन कमी येतो, मग पुन्हा टाका, पुन्हा थांबा, आणि भट्टी वीज खात बसते. पिगमुळे बिडात ग्रॅफाइटचे अंकुर तयार असतात, पोलादी भंगारात ते नसतात. म्हणून कडा पांढऱ्या आणि कडक येतात, टूल तुटतात. यावर उपाय इनॉक्युलेशनचा, म्हणजे असे अंकुर तयार करणारी भुकटी टाकण्याचा : लॅडलमध्ये (ओतायच्या बादलीत) एकदा आणि शक्य तिथे धारेवर पुन्हा एकदा. सीआरसीमध्ये गॅल्व्हनाइज्ड पत्रा आला तर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि लायनिंगच्या (भट्टीच्या आतल्या अस्तराच्या) फटीत जस्त शिरते. गठ्ठे फोडून बघणारा एक माणूस ठेवा. एका झटक्यात १०० वरून ४० वर येऊ नका. दर पंधरवड्याला २० किलो, आणि प्रत्येक टप्प्यावर वेज टेस्ट (पाचरीसारखा नमुना ओतून, तोडून पांढरेपणा बघणे).

उरलेल्या पिगसाठी पुरवठादाराकडून त्याच्या प्लँटचा टनामागचा उत्सर्जनाचा आकडा, सीबॅमच्या पद्धतीने काढलेला, खरेदी-ऑर्डरमध्येच लेखी मागा. कर्नाटकातले आणि गोव्यातले पिग एका ढिगात ओतू नका. दलालाकडून आलेल्या पिगला आईबाप नसतात. त्याचा आकडा मिळत नाही, मग तिकडे ठरवून दिलेला सरसकट आकडा लागतो, तोही वर अधिभारासह. ज्याने खरोखर सुधारणा केली त्याची मेहनत या एका रकान्यात वाया जाते.

इथे भंगाराचेही एक बोलून घेऊ. बंदरातून आलेले श्रेडेड भंगार आपल्या बऱ्याच भट्ट्यांत पडते. युरोपने २०२४ मध्ये कचऱ्याच्या वाहतुकीचा नवा नियम केला आहे. मे २०२७ पासून ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशाला तिथले भंगार न्यायचे तर त्या देशाचे नाव त्यांच्या यादीत असावे लागेल. थोडक्यात, कमी कार्बनचा कच्चा माल ते आपल्या घरी राखणार आणि पिगवर चालणाऱ्याला कर लावणार. याला कोणी पर्यावरण म्हणो, आम्ही याला व्यापारही म्हणतो.

जागतिकीकरणाने आपल्याला नेमके काय दिले, हे या धंद्यात जेवढे उघडे दिसते तेवढे क्वचितच कुठे दिसत असेल. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथला लोखंडी नांगर घेणारा शेतकरी आणि तिथल्या भट्टीचा धूर एकाच मुलखातला होता. १९७० नंतर अमेरिका-युरोपात हवेचे कायदे कडक झाले, मजुरी चढली आणि ओतकाम पूर्वेकडे सरकले. आज टनेजमध्ये चीन पहिला आणि भारत दुसरा आहे. डिझाइन, जुळणी आणि नाव तिकडे राहिले, वितळवणे आणि वाळू इकडे आली. जगात निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा असा देशोदेशी फिरणाऱ्या मालात दडलेला असतो, पण आंतरराष्ट्रीय हिशेबात तो वापरणाऱ्याच्या नव्हे, बनवणाऱ्याच्या खात्यावर पडतो. त्यामुळे तिकडची वही स्वच्छ दिसते आणि इकडची काळी. सीबॅमने आता त्याच मालावर सीमेवर पैसे घ्यायचे ठरवले आहे. जमा होणारे पैसे मिरजेच्या भट्टीला नवे पॅनेल बसवायला येणार नाहीत, युरोपच्या तिजोरीत जातील. दोनशे वर्षे कोळसा जाळणाऱ्यांनी आपल्याकडे हिशेब मागावा, याचा राग योग्यच आहे. त्याचे भांडण दिल्लीने भांडावे, भांडते आहे. पण त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत चार्ज-शीट तर रोज भरायचीच आहे ना?

बोटीबद्दल एक गैरसमज दूर करतो. लोकांना वाटते, माल एवढा लांब जातो म्हणून कार्बन. सांगलीहून न्हावाशेवा सुमारे ४०० किलोमीटर. ट्रकने टनाला ४० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तिथून सुएझमार्गे रॉटरडॅम सुमारे ११,७०० किलोमीटर. मोठ्या कंटेनर जहाजाला टन-किलोमीटरला १० ते १५ ग्रॅम धरले तर ११७ ते १७५ किलो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा अंतर २०,००० किलोमीटरच्या घरात गेले आणि आकडा दोनशे-तीनशेवर. तरीही पिगच्या ७९० किलोंपुढे बोट लहानच. खरी मेख आहे ती विमानात. बॅच तिकडे पोचली, ब्लोहोल सापडले, गिऱ्हाइकाची लाइन थांबली, की बदली माल विमानाने जातो. विमानाचे टन-किलोमीटरला अर्ध्या किलोहून जास्त निघते. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरला टनामागे साडेतीन टन. ओतण्यापासून बोटीपर्यंतची सगळी बेरीज एका बाजूला आणि एक विमानफेरी एका बाजूला. जागतिक बाजाराचा सगळ्यात घाणेरडा कार्बन कास्टिंगमधल्या एका न दिसलेल्या भोकातून निघतो.

म्हणून यील्ड (वितळलेल्या बिडातला कास्टिंग होणारा वाटा) आणि रिजेक्शन. सीबॅम वीज मोजो न मोजो, तुमचे बिल मोजते. यील्ड ६० टक्के, रिजेक्शन ६ टक्के असेल तर एक टन चांगल्या मालासाठी १.७७ टन वितळवावे लागते. टनाला ६२० युनिटने ते १,१०० युनिट. यील्ड ६६, रिजेक्शन ३ आणि भट्टी ५७० वर आणली तर १.५६ टन वितळ आणि ८९० युनिट. टनामागे २१० युनिट वाचले, सुमारे दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड. रॉटरडॅमपर्यंतचा सगळा सागरी प्रवास यात फिटतो.

भट्टी ६२० वरून ५७० वर कशी येते? बहुतेक वेळा नवे पॅनेल न घेता. बीड १,५०० अंशांपर्यंत न्यायला निव्वळ उष्णता टनाला चारशे युनिटच्या आत लागते, वरचे सगळे गळतीचे. पाचशेच्या भट्टीचे तोंड साधारण ४५ सेंटिमीटरचे. उघड्या वितळीतून तिथून पस्तीसेक किलोवॉट नुसते छताकडे जातात. स्पेक्ट्रोचा रिपोर्ट येईपर्यंतची वीस मिनिटे झाकण उघडे राहिले तर बारा युनिट गेले, म्हणजे टनाला चोवीस. झाकण आहे, पण कोपऱ्यात पडले आहे, कारण ते हाताने उचलावे लागते आणि भाजते. त्याला बिजागरी आणि पायाने दाबायची तरफ बसवा, खर्च एका हीटच्या मालाएवढाही नाही. दुसरी गळती तापमानाची. लॅडल थंड असते, म्हणून पोरे १,४८० ऐवजी १,५३० ला टॅप करतात (भट्टीतून ओतून घेतात). त्या ५० अंशांना टनाला अठरा-वीस युनिट लागतात. लॅडलला एलपीजीचा बर्नर लावून आतून लाल करा आणि वर झाकण ठेवा. लाकडाच्या ढलप्या पेटवून लॅडल तापत नाही, ओली लागली तर उलट ब्लोहोलला आमंत्रण. तिसरी गळती हवेची. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक साडेतीन-चार किलोवॉट खाते. जेवणाच्या सुट्टीत शेड शांत असताना कान देऊन फिरा, किती ठिकाणी फुसफुसते ते कळेल.

छतावर सोलर बसवणाऱ्यांसाठी. शंभर किलोवॉटची पॅनेल वर्षाला सुमारे १,४०,००० युनिट देतात. महिन्याला दोनशे टन वितळवणाऱ्याची ही एका महिन्याचीच वीज. बसवा, स्कोप ३ ला उपयोग आहे, पण सीबॅमच्या आकड्यात त्याने काही हलत नाही, हे विकणारा सांगत नाही. शॉट ब्लास्टच्या वाऱ्याखाली बसवलीत तर लोखंडी भुकटी काचेवर गंजते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. भट्टी दिवसा चालवता आली तर जास्त फायदा. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनंतर विजेचा दर उन्हाच्या तासांत स्वस्त करण्याकडे कल आहे, आणि रात्रपाळीची जुनी गणिते पुन्हा मांडायला हवीत.

मोजायचे कसे, ते आता. भट्टीच्या पॅनेलला स्वतंत्र मीटर, क्लास ०.५ चा. मुख्य मीटरवरून भागाकार नको, त्यात कॉम्प्रेसर, सँड प्लँट आणि ऑफिसचा एसी येतो. हीट सुरू होताना आणि टॅप झाल्यावर असे दोन आकडे लिहा. क्रेनच्या हुकाला वजनकाटा लावा आणि लॅडल भरलेली व रिकामी दोन्ही वेळा तोला, कारण तळाला गोठलेले बीड दिवसभर वाढत जाते आणि सकाळचे रिकामे वजन संध्याकाळी खोटे ठरते. पिग, सीआरसी, रिटर्न तीन वेगळ्या रकान्यांत. एलपीजी किलोत, डिझेल लिटरमध्ये. किलोला सुमारे ३ किलो आणि लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. हिरव्या वाळूत घातलेली कोळशाची भुकटीही लिहा, ती बहुतेक सगळे विसरतात. महिना संपला की ताळा करा : भट्टीत विकत घेऊन टाकलेला माल एका बाजूला, गेलेली कास्टिंग आणि रिटर्नच्या साठ्यातला फरक दुसऱ्या बाजूला. वितळीतली घट दोन ते पाच टक्के येते. शून्य आली किंवा नऊ आली, तर कोणीतरी पुन्हा ५०० लिहायला लागले आहे. तपासनीस नेमका हाच ताळा मागतो, आणि खाडाखोड केलेली वही त्याला चालते, एकाच हस्ताक्षरात एकाच शाईने भरलेली चालत नाही.

वाळूचा कार्बनशी संबंध थोडा, पण प्रदूषणाशी पूर्ण. सिंधुदुर्गात, कासार्डे भागात खणलेली सिलिका वाळू घाट चढून येते, साच्यात तापते, आणि कास्टिंग जर्मनीला गेली तरी वाळू इथेच राहते. टनामागे दोनशे ते पाचशे किलो. सीबॅमच्या कागदावर तिला रकानाच नाही, म्हणून ती ओढ्याकाठी जाते. हिरवी वाळू आणि रेझिनच्या कोअरची वाळू निदान नॉकआउटलाच (साचा फोडतानाच) वेगळी करा. रेझिनच्या वाळूतून पावसात फिनॉल झिरपते, हिरव्या वाळूतून फार कमी. ढीग पत्र्याखाली हवा, आणि जून उजाडायच्या आत. हिरवी वाळू पेव्हर ब्लॉकवाला दहा-वीस टक्क्यांपर्यंत घेतो, त्यापुढे बेंटोनाइट आणि कोळसा पाणी पितात व ब्लॉकची ताकद पडते. रेझिनच्या वाळूला ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा रिक्लेमेशन प्लँट लागतो, आणि तो एकट्या छोट्या फाउंड्रीला परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून एक लावावा, शेजारी एकच नायट्रोजन तपासणीचे यंत्र आणि मान्यताप्राप्त तपासनीसाची एकत्र भेट. एकेकट्याने बोलावला तर तपासनीसाची फी तुमच्या पहिल्या वर्षाच्या करापेक्षा जास्त होईल.

महिनाअखेरचा ताळा जमत नसेल त्यांनी वही घेऊन यावे, आम्ही बसून जुळवून देऊ. त्याचे पैसे नाहीत.

आपले,
सांगली-सातारा भागात भट्टी, वाळू आणि वीजमापनाचे काम करणारे काही तंत्रज्ञ

ता. क. : रिटर्न भट्टीत टाकण्याआधी एकदा शॉट ब्लास्टमधून काढा. वाळू चिकटलेल्या रिटर्नमध्ये तीन टक्के वाळू असते. २०० किलोत सहा किलो, दिवसाला दहा हीट धरल्या तर साठ किलो. ती वितळायला बिडापेक्षा कमी वीज लागत नाही, आणि तिचा स्लॅग लायनिंग खातो.